सोमवारची केट, गुरुवारची केट

चोरी तुम्ही केलीत, एजन्सीवाल्यांनो, आणि एकमेकींच्या झिंज्या धरायला दोन बहिणींना पुढे केलंत. आता हात झटकू नका. बेकरीच्या वरच्या मजल्यावर, काचेच्या दाराआड, गार हवेत बसून तुम्ही एका बाईचं नाव काढून घेतलंत आणि तिला दुसरं चिकटवलंत. ते तिनं घासूनपुसून लखलखीत केलं, तेव्हा अर्धं कापून दुसरीच्या हातात ठेवलंत. आणि वर विचारता, बायकांनो, तुमचं आपसात पटत का नाही?

दिविना ओमिक्तिनला हे सगळं फार उशिरा कळलं. त्याआधी कित्येक महिने ती नुसती जळत होती. जळत होती ती चुकीच्या माणसावर. अर्थात अगदीच चुकीच्या नव्हे, असं ती आजही म्हणेल.

दिविना चाळिशी ओलांडलेली, दुमागेते या बेटावरच्या शहरात बंदराला लागून असलेल्या वस्तीत राहणारी. नवरा एल्मेर तीनचाकी चालवतो. तिच्या कामाला कागदावर ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ असं भारदस्त नाव आहे. शेजारणी म्हणतात, कानाला डबडं लावून गोऱ्यांच्या कुत्र्यांशी बोलते. शेजारणींचं जास्त खरं होतं.

समुद्रापलीकडे पर्थ शहरात लिओनी नावाची बाई एक व्हॅन घेऊन दारोदार फिरायची आणि लोकांची कुत्री धुवून, विंचरून, नखं कापून द्यायची. एकटीचा धंदा. दिवसभर दोन्ही हात कोपरापर्यंत फेसात. फोन वाजायचा, ती हात पुसेपर्यंत बंद पडायचा, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाकडे जायचं. संध्याकाळी न उचललेले फोन बघत ती स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून रडायची. हे तिनंच पुढे सांगितलं. मग तिनं दुमागेतेतली, फोनवर कामाला माणसं देणारी एजन्सी गाठली, आणि एजन्सीनं तिला केट दिली.

केट म्हणजे दिविना. फोन केट उचलायची. कुणाचा कुत्रा कधी, व्हॅन कुठल्या गल्लीतून कुठल्या गल्लीत नेली म्हणजे उगाच हेलपाटा पडणार नाही, हे केट ठरवायची. बिलं केट धाडायची, तगादा असा गोड लावायची की माणूस उलट माफी मागायचा. ‘माझ्या कुत्र्याचे कान वाकडे कापले’ म्हणून भांडायला आलेल्या बाईला केट इतक्या शांतपणे ऐकून घ्यायची की शेवटी ती बाई आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगायला लागायची. आणि भर दुपारी लिओनीला दटावायची, “आता जेवा मॅडम. पुढचा कुत्रा मी लांबवलाय.” पर्थचं आणि दुमागेतेचं घड्याळ एकच, त्यामुळे लिओनी तिकडे पाव चावायची तेव्हा दिविना इकडे भात आणि सुकी मासळी कालवायची. एवढा मासळीचा वास, पण तारेतून जात नाही हे बरं.

एजन्सीचा कायदा होता: तोंड दाखवायचं नाही, खरं नाव सांगायचं नाही. धंद्याच्या पानावर केटचा म्हणून फोटो होता तो कुठल्यातरी सोनेरी केसांच्या पोरीचा, कानाला यंत्र लावून उगाच हसणारी. दिविनाचं डबडं चांगल्यातलं होतं, शेजारचे कोंबडे आणि कॅराओके दोन्ही गिळून टाकायचं.

पहिल्या दिवशी एजन्सीनं घोकून घेतलेली वाक्यं ऐन वेळी पळाली, आणि फोन उचलल्यावर तोंडातून निघालं, “सांगा, आज कोण मळलंय?”

पलीकडे एक म्हातारा खो खो हसला. “मी आणि माझी डचेस, दोघंही,” म्हणाला.

तो वेंडेल. बायको गेलेली, मुलं लांब, घरात तो आणि डचेस नावाची एक म्हातारी कुरळ्या केसांची कुत्री. त्या दिवसापासून ‘आज कोण मळलंय?’ हीच केटची ओळख झाली. वेंडेल कुत्री स्वच्छ असली तरी फोन करायचा. बायकोचा स्मृतिदिन त्यानं एकदा बोलता बोलता सांगितला, तर दिविना दर वर्षी त्या दिवशी चर्चजवळच्या घंटेच्या मनोऱ्यापाशी जाऊन त्या परक्या बाईच्या नावानं मेणबत्ती लावायची आणि त्याला तसं कळवायची. म्हातारा मग बराच वेळ फोन ठेवायचा नाही.

असं सगळं सुरळीत असताना पावसात तिला डेंग्यू झाला. चांगला हाडं मोडणारा. इस्पितळाच्या खाटेवरून तिनंच एजन्सीला सुचवलं, “माझी मामेबहीण आहे, जेसेल. आवाज गोड आहे, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे. मी उठेपर्यंत तिला बसवा.”

एजन्सीनं जेसेलला बसवलं. केट म्हणूनच बसवलं. गिऱ्हाइकाला बदल कळता कामा नये. दिविनाचे जुने कॉल तिला दिवसभर ऐकवले. ती कुठे थांबते, कुठे ‘हं हं’ म्हणते, कशी हसते. जेसेल लहानपणापासून नकलाकार. फादरच्या प्रवचनाची नक्कल करून तिनं एकदा अख्ख्या वस्तीला हसवलं होतं, त्यात दिविना सगळ्यात जास्त हसली होती.

बरी होऊन दिविना एजन्सीत गेली तेव्हा दाराबाहेरूनच तिला आपलं हसू ऐकू आलं. स्वतःचं हसू दुसरीच्या गळ्यातून येताना ऐकणं म्हणजे काय, ते ज्याला ऐकावं लागलं त्यालाच कळेल. आपलीच चोळी रस्त्यात कुणाच्या अंगावर दिसावी तसं तिला झालं.

साहेब म्हणाले, “गिऱ्हाईक खूश आहे. आता दोघी करा. सोमवार ते बुधवार तुम्ही, गुरुवार ते शनिवार त्या. केट एकच.”

दिविना मान हलवून घरी आली. आजारपणाची उधारी डोक्यावर होती, दुसरं काय करणार?

तिथून जळायला सुरुवात झाली. सोमवारी वेंडेलचा फोन आला.

“केट, डचेसला ते गाणं म्हण ना.”

“कुठलं?”

“कुठलं काय? शुक्रवारचं. तू म्हटलंस आणि ही कान टाकून झोपली.”

जेसेलनं आजीची अंगाई म्हटली असणार, दुसरं काय. दिविनाचा गळा असा की शेजारचे कॅराओकेला बोलावतात तेव्हा तिच्या हातात माइक न देता खुळखुळा देतात.

“आज घसा बसलाय हो,” ती म्हणाली.

“तरीच आवाज जड वाटतोय. परवा किती खुशीत होतीस.”

हे दर आठवड्याला व्हायला लागलं. ‘परवा जास्त हसत होतीस.’ ‘परवा तू म्हणालीस तो साबण छान निघाला.’ एका बाईनं तर लिहून दिलं की केट हल्ली आठवड्याच्या शेवटी जास्त मनापासून बोलते. दिविनाला सवत नव्हती; एल्मेरमध्ये दुसरी कुणी जीव लावावा असं काही नव्हतं. पण आपलंच नाव आपली सवत होऊन बसलं, आणि भांडायला समोर तोंड नाही.

लिओनीनं व्हॅन नव्यानं रंगवली आणि बाजूवर ठसठशीत अक्षरांत लिहून घेतलं, ‘आज कोण मळलंय? केटला विचारा.’ फोटो आला तो गुरुवारी. जेसेलनं तो रविवारी सगळ्या नातेवाइकांत फिरवला. मावश्या म्हणाल्या, जेसेल, काय गं डोकं तुझं.

जेसेल हसली. ‘हे मनांगचं वाक्य आहे’ असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? मनांग म्हणजे थोरली बहीण. ती थोरली बहीण तिथेच, भाताचं पातेलं मांडीवर घेऊन बसली होती.

“तिच्यावर करणी करायची असेल तर सिकिहोरची बोट सकाळी सुटते,” एल्मेर घरी आल्यावर म्हणाला. समोरच्या त्या बेटावरच्या मांत्रिकांचा अख्ख्या मुलखात लौकिक. “तिकीट मी काढतो. परतीचं तुझं तू बघ.”

“थट्टा सुचते तुला.”

“मग काय करू? तू झोपेत पण ‘आज कोण मळलंय’ म्हणतेस. मी उठून पाय धुवून आलो काल.”

ती हसली नाही. तिला तेही खटकलं, की हल्ली आपण हसत नाही आणि ती आपलं हसू घेऊन सगळीकडे हसत फिरते.

मग तो बुधवार आला. लिओनीनं जेवणाच्या वेळी फोन केला, पण जेवत नव्हती. आवाजात काहीतरी लपवल्यासारखं होतं.

“केट, जुलैत आपल्या धंद्याचा वाढदिवस आहे. गिऱ्हाइकांनी मिळून एक ठरवलंय. कल्पना वेंडेलची. तुला इकडे आणायचं. तिकीट आमचं, राहायचं माझ्याकडे. डचेसला भेटशील. येशील?”

इतकी वर्षं ज्या गल्ल्या तिनं नकाशावर बोटानं चालून काढल्या, त्या गल्ल्या. तो म्हातारा. ती व्हॅन, जिच्या अंगावर आपलं वाक्य आहे. आणि जेसेलच्या नाही, आपल्या दिवशी विचारलंय. देव आहे.

आणि तिच्या तोंडून निघालं, “नको हो मॅडम. एवढा खर्च कशाला? तुम्ही विचारलंत यातच सगळं आलं.”

“नक्की?”

“नक्की. नकोच.”

आता आपल्याकडे कुणी भल्या घरची बाई पहिल्या हाकेला ताटावर बसते का? ‘ये, जेव’ म्हटलं की ‘आत्ताच झालं’ म्हणायचं, भूक पोटात उभी असली तरी. मग घरधनीण दुसऱ्यांदा म्हणते, हात धरून ओढते, मग बसायचं. पहिलं ‘नको’ म्हणजे दार नुसतं लोटलेलं असतं, कडी घातलेली नसते. हे तीन वर्षांच्या पोराला कळतं. दिविनाला तसंच शिकवलेलं, आणि तिनं ते तसंच केलं.

लिओनी म्हणाली, “बरं. विचार कर.”

दिविनानं संध्याकाळी बाजारातून घरी येताना बुडबुड घेतलं, केळीच्या पानातला चिकट गोड भात, आणि वर दाट चॉकलेट. एल्मेरला सगळं सांगितलं. बोलताना तिचे गाल तरुण झाले होते.

“म्हणजे नाही म्हणालीस?”

“पहिल्यांदा कसं हो म्हणणार? उद्या परत विचारेल, मग म्हणते.”

एल्मेर पान सोलत होता. “उद्या गुरुवार आहे,” तो म्हणाला.

दिविनाच्या हातातला घास हातात राहिला.

जेसेलला फोन करून एवढंच सांगायचं होतं, लिओनीनं काही विचारलं तर ‘सोमवारी सांगते’ म्हण. फोन तिच्या हातात होता. पण सांगायचं तर आमंत्रणाचं सांगावं लागणार, मग ती विचारणार, केटला बोलावलंय की तुला? हा प्रश्न दिविनाला नको होता. आणि खरं बोलायचं तर तिला हे सुख दोन-चार दिवस एकटीनं चघळायचं होतं, जेसेलच्या वाऱ्यालाही न दाखवता. एवढ्या लगेच कुठे विचारते लिओनी, असं तिनं स्वतःला समजावलं आणि फोन ठेवून दिला.

सोमवारी ती कामाला बसली. डबडं कानाला लावलं न लावलं तोच लिओनीचा आवाज, “गुड मॉर्निंग, जेसेल.”

दिविनानं डबडं कानावर घट्ट दाबलं.

“जेसेल मारिये तुबिल. इतकं सुंदर नाव, आणि मी इतकी वर्षं केट म्हणतेय. बुधवारी नको म्हणालीस तेव्हा मी रडवेली झाले होते. बरं झालं मी गुरुवारी परत विचारलं. तिकीट काढलंय. व्हिसाचे कागद मी भरतेय.”

त्या दिवशी लिओनीनं तिला दिवसभर जेसेल म्हटलं. जेसेल, तीनचा कुत्रा रद्द कर. जेसेल, जुलैत इकडे हिवाळा, तुला थंडीचे कपडे आहेत का? आणि दिविना दर वेळी ‘हो मॅडम’ म्हणत राहिली, कारण ‘ती मी नव्हे’ म्हणणं एजन्सीच्या कायद्यात बसत नव्हतं.

काम संपलं तशी ती उठली आणि थेट जेसेलच्या घरी गेली. दारात एल्मेरची तीनचाकी थांबायच्या आत उतरली. जेसेल पुढच्या खोलीत कपडे इस्त्री करत होती, आणि भिंतीवर खिळ्याला एक कोट लटकत होता. लोकरीचा, जाड, तपकिरी, गुडघ्यापर्यंत. जुन्या कपड्यांच्या बाजारातून आणलेला. दुमागेतेच्या त्या घामट खोलीत तो कोट एखाद्या परक्या पाहुण्यासारखा उभा होता.

“ये मनांग. जेवतेस?”

“नको,” दिविना म्हणाली, आणि मग स्वतःच्याच शब्दाचा तिला एवढा राग आला की ती मटकन बसली. “तुला तिनं विचारलं आणि तू हो म्हणालीस.”

“विचारलं म्हणून म्हणाले.”

“तिनं मला विचारलं होतं. बुधवारी.”

“माहितेय. तिच्याच बोलण्यातून कळलं मला. तू नको म्हणाली होतीस.”

“ते नको नव्हतं गं.”

“तेही माहितेय,” जेसेलनं इस्त्री उभी केली. “म्हणूनच तर मी हो म्हणाले. दुसऱ्यांदा विचारल्यावर केटनं परत नको म्हटलं असतं तर कायमचं बसलं असतं ना.”

“मग माझं नाव द्यायचंस.”

“आणि काय सांगू? हे नाव माझं नाही, सोमवारच्या बाईचं आहे? मनांग, तिला दिविना माहीत नाही. तिनं केटला बोलावलं. मी पण केटच आहे. तुला ताप होता तेव्हा तूच मला केलंस.”

“वाक्य माझं, हसू माझं, मेणबत्ती माझी.”

“आणि गाणं?” जेसेल म्हणाली. “म्हातारा तुला कधी ‘इकडे ये’ म्हणाला होता, माझ्या गाण्याच्या आधी? इतकी वर्षं तू मेणबत्त्या लावल्यास. मी एकदा गायले आणि तिकीट आलं. हे तुला बोचतंय. स्पष्ट बोल की.”

“मेली नकलाकार.”

“नक्कल चांगली असली तर लोक मूळची विसरतात, त्याला मी काय करू?”

हे बोलल्यावर जेसेललाही जड गेलं असावं. ती पाणी आणायला आत गेली. दिविना उठली. कोटाच्या एका बाहीत तिनं हात घातला. आतलं अस्तर गार होतं. खांद्याला तो तिला घट्ट झाला असता. जेसेल परत यायच्या आत तिनं हात काढला आणि पाणी न पिता निघून आली.

मंगळवारी संध्याकाळी ती मनोऱ्यापाशी गेली. मेणबत्ती घेतली ती लिओनीसाठी. लिओनीच्या छातीत गाठ निघाली होती. ते तिनं सोमवारच्या केटलाच सांगितलं होतं, भीत भीत, आणि डॉक्टरची वेळ घेण्यापासून त्या दिवसाची कुत्री हलवण्यापर्यंत सगळं दिविनानं निस्तरलं होतं. अहवाल यायचा होता. तिकिटाच्या आगीत दोन दिवसांत तिनं त्या गाठीबद्दल विचारलंसुद्धा नाही, याची आता तिला लाज वाटली. मेणबत्ती पेटवून तिनं डोळे मिटले. प्रार्थना म्हणून तोंडात आलं ते असं: जेसेलचा व्हिसा नाकारला जाऊ दे.

तिनं डोळे उघडले. मेणबत्ती नीट जळत होती. शब्द मागे घ्यावेत असं तिला वाटलं नाही. मी जाणार नसेन तर तीही जाणार नाही, एवढं मात्र तिथे पक्कं ठरलं. कुणी याला सत्याची चाड म्हणू नये. ती चाड नव्हती, जळफळाट होता. पण एजन्सीत इतकी वर्षं कुणाला चाडसुद्धा सुचली नव्हती.

बुधवारी लिओनीचा फोन आला तेव्हा मागे कुत्र्याचे केस सुकवायचं यंत्र घोंघावत होतं.

“मॅडम, आधी सांगा, गाठीचं काय झालं? मी काल मेणबत्ती लावली.”

“गाठीचं?” लिओनी म्हणाली. “शनिवारी सांगितलं ना तुला. काही नाही निघालं. तू किती रडलीस.”

जेसेल रडली होती. जेसेलनं ती बातमी ऐकली, तिच्यावर रडून घेतलं, आणि सोमवारी इस्त्री करता करता एका शब्दानं सांगितलं नाही. तिकिटापेक्षा हे जास्त लागलं.

“मॅडम, माझं नाव जेसेल नाही.”

“थांब, माझ्या हातात ओला मेंढपाळ कुत्रा आहे.”

“नाव जेसेल नाही आणि केटही नाही. दिविना. सोमवार ते बुधवार मी असते. गुरुवारपासून दुसरी असते. आम्ही दोघी आहोत.”

यंत्र बंद झालं. कुत्र्यानं अंग झटकल्याचा आवाज आला.

“नको कोण म्हणालं होतं?” लिओनीनं विचारलं.

“मी. पण ते नको नव्हतं.”

“मग काय होतं?”

हे दिविनाला सांगता येईना. ताट, पाहुणा, लोटलेलं दार, हे सगळं त्या भाषेत कुठे बसवायचं? इतकी वर्षं तिनं त्या भाषेत कुत्र्यांची खरूज समजावली, भांडणं मिटवली. आता एक शब्द जुळेना.

“मी तुला माझ्या घटस्फोटाचं सांगितलं होतं,” लिओनी म्हणाली. आवाज चिडका नव्हता, हरवलेला होता. “ते कुणाला सांगितलं?”

“मला.”

“आणि आईचं?”

दिविनाला आईचं काहीच माहीत नव्हतं. “तिला,” ती म्हणाली.

लिओनीनं फोन ठेवला.

दोन दिवसांनी दोघींना एजन्सीत बोलावणं आलं. काचेचं दार, गार हवा, खालून बेकरीचा गोड वास. दिविना आधी पोचली होती. जेसेल आली ती अंगात तो लोकरीचा कोट घालून. अख्ख्या दुमागेतेत तो घालता येईल अशी ही एकच जागा.

“शोभतो,” दिविना म्हणाली.

“इथेच घालून घेते. तू तिथे घालायची सोय ठेवली नाहीस.”

“गाठीचं का नाही सांगितलंस?”

जेसेल बटणाशी चाळा करत राहिली. “एवढं एक तरी आधी मला कळलं होतं, मनांग. तिच्याबद्दलचं सगळं नेहमी तुला आधी कळतं.”

म्हणजे ही पण जळत होती. गुरुवारची सोमवारवर.

साहेब आले. टेबलावर एक कागद ठेवला, त्यावर एक पेन, बरोब्बर दोघींच्या मध्ये.

“गिऱ्हाईक एकच बाई ठेवायला तयार आहे,” ते म्हणाले. “खऱ्या नावानं, तोंड दाखवून. तिकीटही जी राहील तिच्या नावावर करून देतील. निवड त्यांनी आमच्यावर सोडलीये. आम्ही म्हणतो, जी सही करेल ती राहील. कागद साधा आहे. दुसरीनं आपल्या मनानं हा नावाचा खेळ चालवला, एजन्सीला काही माहीत नव्हतं. बस.”

दोघींचे हात एकदमच हलले. दिविनाचा आधी पोचला.

इथे कुणी असं समजू नये की बहिणीच्या प्रेमानं तिचा हात थबकला. ती सही करणार होती. डोळ्यापुढे डचेस होती, व्हॅन होती, आणि कोट खिळ्याला परत लटकलेला दिसत होता. सही कुठे करायची ते शोधायला तिनं कागद वाचला, एवढंच. वरच्या ओळीत छापलं होतं: ‘केट (१) – जेसेल मारिये तुबिल.’ त्याखाली: ‘केट (२) – दिविना ओमिक्तिन.’

“मी दोन?” ती म्हणाली.

“ते काही नाही हो, कम्प्युटरनं घातलंय.”

“मी दोन नंबर?”

“मनांग,” जेसेल तिच्या खांद्यावरून वाकून वाचत म्हणाली, “एक काय आणि दोन काय. दोघींपैकी कुणालाही घालवायला यांना कागद एकच लागतोय.”

साहेब हसले. दिविना हसली नाही. तिनं पेन कागदावरच आडवं ठेवलं. आकड्यानं तिच्या डोक्यात तिडीक गेली होती, आणि ती जेसेलकडे वळणार एवढ्यात तिच्या लक्षात आलं की हा आकडा जेसेलनं घातलेला नाही. जेसेलला तर आपण नंबर एक आहोत हे आत्ताच कळलंय. आणि तिला काडीचाही आनंद झालेला दिसत नव्हता.

“साहेब, आकडा कोणी घातला?”

“सांगितलं ना...”

“कम्प्युटरला नाव कोणी सांगितलं? पहिल्या दिवशी मी याच खुर्चीत बसले होते. दिविना म्हणून आले होते. तुम्ही म्हणालात, गिऱ्हाइकाच्या जिभेला जड जाईल, आजपासून केट. मग ही आली. हिला माझं हसू कोणी ऐकवलं? माझा आवाज मला न विचारता कुठून काढून दिला? इथे लिहिलंय एजन्सीला माहीत नव्हतं.”

“बाई, सही करायची नसेल तर त्यांना करू द्या.”

साहेबांनी पेन जेसेलच्या बाजूला सरकवलं. जेसेलनं ते उचललं नाही, परतही सरकवलं नाही. कोटाच्या लांब बाहीत बोटं आत ओढून ती दिविनाकडे बघत राहिली. ती सही करेल की नाही ते दिविनाला कळेना. उद्या केली तरी नवल वाटलं नसतं. आत्ताही, या क्षणीही, तिला त्या कोटाचा हेवा वाटत होता.

“ती करेल की नाही ते नंतर,” दिविना म्हणाली, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. “आधी मला सांगा. तुम्हाला माहीत नव्हतं, तर इतकी वर्षं या खोलीत मला केट म्हणून हाक कोण मारत होतं? नाव घ्या त्याचं. आम्ही दोघी बसलोय. उत्तर द्या.”